बाईंचा पिवळा

"भिंतींना काय झालंय? घाबरल्यात का?"

दांडेकरबाई आमच्या घरात पहिल्यांदा आल्या त्या हे विचारतच. नमस्कार नाही, वेलकम टु पिनर नाही, काही नाही. हातात अळूवड्यांचा डबा, अंगावर शेवाळी साडी, तिच्यावर मरून कार्डिगन आणि नजर थेट माझ्या लिव्हिंग रूमच्या भिंतींवर. त्या भिंतींना माझ्या नवऱ्यानं, नितीननं, आणि मी दोन वीकेंड कंबर मोडून ग्रे रंग दिला होता. लंडनच्या कडेला पिनरमधल्या आमच्या गल्लीत ज्याच्या त्याच्या घरात होता तोच ग्रे. डब्यावर त्याचं नाव सकाळच्या धुक्यावरून काहीतरी होतं आणि मला त्याचा भारी अभिमान होता.

"सौम्य आहे," मी म्हटलं. "सगळ्यांकडे हाच असतो."

"सौम्य कसला? घर विकायला काढलेल्या माणसाचा रंग आहे हा. तुम्ही तर आत्ताच आलात ना?"

मला असा राग आला म्हणून सांगू! ओळख ना पाळख, आणि बाई आल्या त्या माझ्या भिंतींची अब्रू काढायला. त्यातून अळूवड्या इतक्या सुरेख की धड रागही धरता येईना. आठ महिन्यांनी मी गुपचूप त्या खोलीला गडद हिरवा दिला. बाईंना सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी फुटपाथवरून जाताना त्यांनी खिडकीतून आत पाहिलं आणि तिथूनच ओरडल्या, "मेधा, उशीर केलास!"

बाई जाऊन आता दोन वर्षं झाली. भिंत अजून हिरवीच आहे.

त्यांचं नाव प्रमिला. आमच्यापासून दोन घरं सोडून राहायच्या. मी सुरुवातीला रीतसर 'मावशी' म्हणायला गेले तर म्हणाल्या, "मी तुझ्या आईची बहीण नाही. असते तर तुला तो ग्रे घेऊ दिला नसता." आँटी म्हटलेलं तर त्यांच्या डोक्यातच जायचं. "बाई म्हण. बाई आहे मी, त्यात काय लपवायचंय?" मग गल्लीतल्या आम्हा चार मराठी घरांच्या त्या बाई झाल्या.

मी आयटीवाली, ब्रॅकनेलला ऑफिस, आठवड्यातले दोन दिवस घरून काम. त्या दोन दिवसांत लंचच्या वेळेला बेल वाजली की समजायचं, बाई. बसायच्या नाहीत. उभ्या उभ्या एक काहीतरी बोलून माझा दिवस बिघडवून जायच्या. बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असायचं, हा त्यातला खरा त्रास.

बाई लॅबवाल्या. नवरा भूल देणारा डॉक्टर, पन्नासएक वर्षांपूर्वी इथल्या हॉस्पिटलात नोकरीला आला. बाई बरोबर आल्या आणि सहा महिन्यांत त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागल्या. काम काय, तर पेशंटच्या अंगातून काढलेला मांसाचा तुकडा मेणात बसवायचा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असा त्याचा काप काढायचा, काचेवर घ्यायचा आणि रंगवायचा. रंगवल्याशिवाय मायक्रोस्कोपखाली काही म्हणजे काही कळत नाही. निळा चढला, गुलाबी चढला, की मग दिसतं बरं काय आणि वाईट काय.

"लोक म्हणतात रंग वरवरचा असतो," बाई फणकारायच्या. "वरवरचा म्हणे! रंग बघून मी माणसांचे आजार शोधलेत. चेहरे बघून नाही."

त्यांच्या डायनिंग टेबलाच्या एका टोकाला, दुसऱ्यांकडे शिलाई मशीन असतं तशा जागी, एक जुना मायक्रोस्कोप होता. लॅबनं टाकून द्यायला काढला तेव्हा मागून आणलेला. त्यावर बाईंनी शिवलेलं जांभळं मखमली टोपडं. चहाला कुणी आलं तर बिस्किटांच्या आधी त्याला कांद्याची पात नाहीतर माशीचा पंख बघावा लागे. पर्समध्ये ब्लाउजपीसच्या पट्ट्यांचा एक जुडगा असायचा आणि रंगाबद्दल वाद निघाला की बाई तो जुडगा बाहेर काढायच्या. दुकानातल्या दिव्याखाली त्यांनी उभ्या आयुष्यात कपडा घेतला नाही. वेम्ब्लीला साडी घ्यायला मी एकदाच त्यांच्याबरोबर गेले. बाईंनी पाच साड्या उचलल्या आणि तरातरा दाराबाहेर. दाराचा अलार्म बोंबलतोय, दुकानाचा मालक "बेन, बेन" करत मागे धावतोय, आणि बाई फुटपाथवर ढगाकडे साडी धरून त्यालाच विचारतायत, "तुमच्या ट्यूबलाइटखाली हा मोरपिशी होता. आता बघा. काय आहे हा?" तो बिचारा बघायला लागला. म्हणाला, "ग्रीन छे." बाई म्हणाल्या, "मग तसं लिहा."

मी दुकानाच्या आतच थांबले होते, मी यांच्याबरोबर नाहीच असं दाखवत.

दांडेकर डॉक्टर गेले ते आम्ही आल्यानंतर तिसऱ्या वर्षी. फार शांत माणूस. बाई बोलत असताना ते हसत बसायचे आणि ते हसू बघायला बाई आणखी बोलायच्या. ते गेल्यावर वर्षाच्या आत मंडळातल्या शैलावहिनी स्टॅनमोरहून भेटायला आल्या आणि त्यांनी बाईंना एक साडी दिली. उंची, रेशमी, ऑफ-व्हाइट, राखी काठाची. "आता तुम्हाला अशी सोबरच बरी दिसेल," असं म्हणाल्या. वाईट हेतूनं नाही हो. आपल्याकडे काही बायका काळजीनंसुद्धा माणसाला झाकून टाकतात.

बाई थँक यू म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चारही मराठी घरांतून कांद्याची सालं गोळा करायला सुरुवात केली. मला वाटलं खत करतायत. एका शनिवारी बघते तर मागच्या गार्डनमध्ये मोठं पातेलं, त्यात सालं, हळद आणि तुरटी रटरटतेय, आणि बाई लाकडी काठीनं शैलावहिनींची साडी ढवळतायत. पाडव्याच्या कार्यक्रमाला तीच नेसून आल्या. असा पिवळा मी तोवर पाहिला नव्हता. हळदीचा भडक नाही, मोहरीचाही नाही. पिकून उतरणीला लागलेल्या लिंबाचा म्हणा. मुद्दाम शैलावहिनींच्या शेजारी जाऊन बसल्या.

"ओळखलीस का? तुझीच आहे."

"अगंबाई! केवढी पिवळी!"

"हो ना. तेव्हा आजारी होती बिचारी."

हळदीकुंकवाचं ताट फिरत आलं. ताट धरलेली मुलगी बाईंपाशी येऊन अडखळली, पुढे जावं की थांबावं कळेना तिला. बाईंनी स्वतःच बोट बुडवलं, कपाळाला लावलं आणि म्हणाल्या, "हात अवघडेल तुझा. चल पुढे." शैलावहिनी नंतर माझ्याजवळ येऊन पुटपुटल्या, "पण दिसतेय छान, नाही?" मी म्हटलं, त्यांना जाऊन सांगा की. गेल्या नाहीत.

आता चित्राकडे येते. त्याच्यासाठी तर हे सगळं लिहायला बसले.

आमच्याकडून बसनं पंचवीस मिनिटांवर एक जुना बंगला आहे, त्याचं छोटं म्युझियम केलंय. खाली चिनी मातीची भांडी, वर चार खोल्या चित्रं. बाई रिटायर झाल्यापासून दर गुरुवारी तिथे व्हॉलंटियर. गळ्यात बॅज, खोलीच्या कोपऱ्यात खुर्ची, आणि काम म्हणजे लोकांनी चित्रांना हात लावू नये एवढं बघणं. तेवढ्यावर बाई थांबतील होय!

वरच्या शेवटच्या खोलीत एका बाईचं माणसाएवढं पोर्ट्रेट होतं. एकोणिसाव्या शतकातलं, कुणा फारसं नाव न झालेल्या चित्रकाराचं. पातळ, ढगळ झगा घातलेली एक बाई अर्धवट वळून उभी. दागिना नाही, हसू नाही. बाजूला स्टुलावर बोलमध्ये चार पिवळी फळं. झगा, भिंत, फळं, तिच्या गळ्याची कातडीसुद्धा, सगळ्यावर एक हिरवट पिवळा पसरलेला. खाली पाटीवर ती कोण, कुणाची बायको, ते काही नाही. नुसती दोन रंगांची नावं आणि त्यापुढे गाण्याबजावण्यातला एक शब्द. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या मनात आलं, हिला कावीळ झालीय.

"सगळे तेच म्हणतात," बाई म्हणाल्या. "बघत नाहीत ना, नुसते म्हणतात. त्या काळात या चित्रकार मंडळींनी बंड केलं होतं, बंड! तोवर पोर्ट्रेट म्हणजे काय, तर साहेब केवढे मोठे आणि मडमेचे मोती केवढे. हे लोक म्हणाले, आम्ही माणसाची माहिती देणार नाही. आम्ही रंग लावणार, आणि त्या रंगानं तुमच्या मनाचं काय होतं ते तुमचं तुम्ही बघा. तू यमन ऐकताना विचारतेस का, यातली गोष्ट काय म्हणून?"

माझी लेक सई तेव्हा नऊ वर्षांची. इथेच जन्मलेली, मराठी तिच्या सोयीचं. तिनं विचारलं, "बाई, पण तो लेडी एवढा सॅड का आहे?"

"सॅड नाहीये. ती कुणाला खूश करायला उभी नाहीये एवढंच. हात वर कर. पंजा असा धर, की तिचा चेहरा झाकला गेला पाहिजे. एक डोळा मीट. हं. आता सांग, काय वाटतंय?"

सई बराच वेळ हात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "स्टिल फील्स लाइक संध्याकाळ."

"बघ! चेहरा गेला तरी संध्याकाळ राहिली. मग ती होती कुठे?"

"इन द यलो," सई म्हणाली.

ही बाईंची रीत. जो त्या खोलीत येईल त्याला पंजा वर करायला लावायच्या. शाळेची मुलं, पेन्शनर जोडपी, पावसातून आडोशाला आलेले लोक, कुणाला सुटका नाही. इंग्लिश माणसं भिडस्त, नाही म्हणता येत नाही त्यांना. पण जाताना 'थँक यू' म्हणायची ती नुसती तोंडदेखली नव्हती, हे मी स्वतः पाहिलंय.

मग ऑलिव्हर आला. नवा क्युरेटर. तिशीचा, हुशार, मऊ बोलणारा आणि बाईंना मनापासून मान देणारा. त्याचा मला राग येत नाही, हे आधीच सांगते. त्याला म्युझियममध्ये माणसं आणायची होती. त्यानं ठरवलं की उन्हाळी प्रदर्शनाच्या मधोमध हे पोर्ट्रेट लावायचं आणि त्याआधी ते स्वच्छ करून घ्यायचं. शे-सव्वाशे वर्षांचं वार्निश पिवळं पडलंय, ते काढलं की मूळचे रंग वर येतील. काँप्यूटरवर तसं चित्रही करून दाखवलं त्यानं. पांढराशुभ्र झगा, मागे निळसर भिंत, बाईचे गाल गुलाबी. अगदी ताजीतवानी. सगळ्यांना आवडलं. पोस्टरसुद्धा त्याचंच छापायला टाकलं.

बाई एकट्या म्हणाल्या, "पिवळा हा मळ नाहीये. पिवळा लावलेला आहे."

"प्रमिला, तुमची माया मी समजू शकतो," ऑलिव्हर म्हणाला.

बाईंनी मला हे सांगितलं ते दारातच, चपलाही न काढता. "माया म्हणे! मी डोळ्यांचं बोलतेय आणि हा मला माया सांगतोय."

एका गुरुवारी चित्र साफ करणारी बाहेरची तज्ज्ञ बाई आली. फ्रेम काढून चित्र टेबलावर ठेवलं. झग्याच्या खालच्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकोनात तिनं औषधात बुडवलेला कापसाचा बोळा फिरवला. चौकोन पांढरा झाला, बोळा पिवळा. जमलेले सगळे 'ऊऽऽ' म्हणाले, कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली. फक्त बाई जोरात ओरडल्या, "स्टॉप!" तज्ज्ञ बाई दचकून थांबली. ऑलिव्हरनं सगळ्यांची माफी मागितली. बाईंच्या वतीनं.

नंतर फ्रेम परत बसवायच्या आधी तिच्या खाचेतली धूळ ब्रशनं झाडायचं काम बाईंकडे आलं. खाचेत रंगाचा एक कपचा पडला होता, मोहरीच्या दाण्याएवढा, चित्राच्या खालच्या, झग्याच्या कडेचा, केव्हाचा तरी निखळलेला. म्युझियमचा नियम असा की असं काही मिळालं तर पाकिटात घालायचं, वर लिहायचं आणि ऑफिसात द्यायचं. बाईंनी तो खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत टाकला आणि डबी पर्समध्ये.

रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. "ये. चष्मा घेऊन ये."

मायक्रोस्कोपवरचं टोपडं काढलेलं होतं. बाईंनी तो कपचा पारदर्शक रेझिनच्या चौकोनी खड्यात बसवला होता, तीन दिवस बसून बारीक पॉलिश पेपरवर घासला होता, आतले थर उघडे पडेपर्यंत. मी डोळा लावला. केकचा काप दिसावा तसे थर. सगळ्यात खाली पांढरा. त्यावर राखाडी झाक असलेला पांढरा, तो झग्याचा. त्यावर पातळसा पिवळा. पिवळ्यावर केसाएवढी एक काळी रेघ. आणि अगदी वर मधाच्या रंगाचा थर.

"वरचं आहे ते वार्निश," बाई म्हणाल्या. "काळी रेघ म्हणजे कोळशाच्या शेगडीची काजळी. म्हणजे चित्र कितीतरी वर्षं तसंच उघडं टांगलं होतं, वार्निश मागाहून कुणीतरी चढवलं. आणि पिवळा? तो काजळीच्याही खाली आहे. आता नीट बघ, त्याच्यात काय दिसतंय."

"दाणे आहेत. बारीक बारीक."

"दाणे!" बाईंनी टेबलावर मूठ आपटली, चहा सांडला. "वार्निश पिवळं पडतं तेव्हा त्यात दाणे नसतात. दाणे म्हणजे खलून घातलेला रंग. त्यानं पांढरा झगा रंगवला आणि मग स्वतःच्या हातानं सगळ्या चित्रावर पिवळ्याचा हात फिरवला. संध्याकाळ त्यानं शेवटी लावली, कळलं? वार्निशबरोबर ते तीही काढतायत. बोळ्यावर आला तो मळ नव्हता. चित्र होतं ते!"

मी म्हटलं, "बाई, पण हा कपचा घरी आणलात. हे चोरीत बसतं ना?"

"बसतं."

"मग?"

"मग काय? बसू दे."

आणि मग त्यांनी मला ते सांगितलं, जे त्यांनी दांडेकर डॉक्टरांखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. या देशात येऊन दुसरंच वर्ष. लॅबमध्ये एका तरुण मुलीच्या मानेतली गाठ आली. टीबी आहे का बघायचं होतं. त्याची रीत अशी, की आधी सगळं लाल रंगवायचं आणि मग ॲसिडनं धुवायचं. बाकीचा लाल जातो, टीबीचे जंतू तेवढे लाल राहतात; मागे निळा चढवला की निळ्यावर लाल काड्या दिसतात. बाईंनी धुतलं, बघितलं, त्यांना दोनतीन काड्या दिसल्या. वरचा साहेब आला. म्हणाला, फार लाल ठेवलंयस, अजून धू. बाईंना आतून वाटलं, नको. पण साहेब गोरा, वयानं मोठा, आणि आपण नवीन. त्यांनी परत ॲसिडमध्ये घातलं आणि जास्त वेळ ठेवलं. सिंकमध्ये गुलाबी पाणी वाहत गेलं. मग काड्या दिसेनात. रिपोर्ट गेला, टीबी नाही.

"तीन महिन्यांनी ती मुलगी स्ट्रेचरवरून आली. कण्यात उतरला होता. वाचली, पण नीट चालली नाही कधी." बाई खिडकीकडे बघत होत्या. "मी पाहिल्या होत्या गं त्या काड्या. माझ्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. आणि दुसऱ्यानं सांगितलं म्हणून मी स्वतःच्या हातानं त्या धुऊन टाकल्या. गुरुवारी तो बोळा पिवळा झाला ना, तेव्हा मला ते सिंक दिसलं."

मी सांडलेला चहा पुसला.

मंगळवारी ट्रस्टींची मीटिंग होती. बाईंनी पत्र लिहून दहा मिनिटं मागून घेतली होती. मी ऑफिसातून सुट्टी काढली, मायक्रोस्कोप गाडीच्या मागच्या सीटवर बेल्ट लावून बसवला. बाई पुढे, तीच पिवळी साडी नेसून, गळ्यात बॅज.

लांबलचक टेबल, सात माणसं. बाई बसल्या नाहीत. इंग्लिशमधून, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "आधी हे ऐका. फ्रेममध्ये पडलेला रंगाचा तुकडा मी न विचारता घरी नेला. नियम मला माहीत होता. नियम मोडला. आता हे बघा."

मी बाजूला उभी राहून मनात कपाळाला हात लावला. अहो, शेवटी सांगायचं ना ते! आधी दाखवा, पटवा, मग हळूच सांगा. पण बाईंना हळूच काही येतच नसे.

ऑलिव्हर आधी वाकला. खूप वेळ बघत राहिला. डोळा काढला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. "देअर आर पार्टिकल्स," एवढंच म्हणाला. मग एकेक करून सगळ्यांनी पाहिलं. टेबलाच्या टोकाला बसलेले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "असेल. पण मॅडम, लोकांना स्वच्छ चित्रच आवडणार. पोस्टर पाहून सगळे खूश आहेत. ही पिवळी बाई कुणाला हवीय?"

पोस्टर मागच्या भिंतीवरच लावलेलं होतं. बाई म्हणाल्या, "हात वर करा."

"आय बेग युअर पार्डन?"

"हात. वर. चेहरा झाका आणि सांगा मागे काय उरतंय."

त्या गृहस्थांनी हात वर केला. मग बाकीच्यांनीही केला. सात प्रतिष्ठित माणसं पोस्टरकडे पंजे रोखून बसली.

"अ ड्रेस," शेवटी ऑलिव्हर म्हणाला. "जस्ट अ नाइस ड्रेस."

आम्हाला बाहेर बसवलं. चाळीस मिनिटांनी ऑलिव्हर आला. चित्राचा पिवळा राहणार होता. तज्ज्ञ बाई फक्त वरचं वार्निश आणि काजळी उतरवणार, तेही मायक्रोस्कोपखाली. पोस्टर रद्द. आणि मग, बुटांकडे बघत, तो म्हणाला की वस्तू परवानगीशिवाय बाहेर नेणाऱ्या व्हॉलंटियरला ठेवता येत नाही. नियम आहे. त्यानं खूप सांगून पाहिलं.

"बरोबर आहे नियम," बाई म्हणाल्या. गळ्यातला बॅज काढला, त्याची दोरी नीट गुंडाळली आणि त्याच्या हातात दिली. रेझिनचा खडाही दिला, पाकिटात घालून. वर नाव, तारीख, कुठून मिळाला, सगळं लिहिलेलं.

गाडीत बसल्यावर बेल्ट लावता लावता त्या एकदम रडायला लागल्या. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं, डॉक्टर गेले तेव्हाही नाही. "मला बॅजचं वाईट वाटतंय," त्या म्हणाल्या. "फार वाईट वाटतंय गं. अकरा वर्षं दर गुरुवारी तिच्याजवळ बसायचे मी." मी गाडी सुरू केली नाही. रडून झाल्यावर त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि म्हणाल्या, "परत वेळ आली तर परत आणीन कपचा. चल."

चित्र परत लागायला आठ महिने गेले. तोवर बाई आजारी पडल्या होत्या. त्यांना स्वतःला आपला रिपोर्ट वाचता येत होता, त्यामुळे कुणी त्यांच्यापाशी खोटं बोलू शकलं नाही. चित्र लागल्याचं कळलं तेव्हा म्हणाल्या, "गुरुवारी ने मला."

एप्रिल होता. जिने चढायला आम्हाला खूप वेळ लागला. साडी तीच, आता अंगावर सैल झालेली. शेवटच्या खोलीत आलो आणि मी बघतच राहिले. काजळी गेली होती आणि पिवळा आतून उजळला होता. काविळीसारखं वाटलं ते हे नव्हतंच. कोपऱ्यात मात्र तो पोस्टाच्या तिकिटाएवढा पांढरा चौकोन तसाच होता. ऑलिव्हर आम्हाला बघून धावत आला होता. म्हणाला, "तो चौकोन रंगवून मिळवून टाकता येईल. तुम्ही सांगा."

"नको," बाई म्हणाल्या. "राहू दे. काय धुऊन जात होतं ते दिसू दे लोकांना."

खोलीत दहाबारा लोक होते. एक आजोबा पाटी वाचून बायकोला म्हणाले, "शी लुक्स इल, डोन्ट शी?" झालं! बाईंचा हात माझ्या हातातून सुटला. गळ्यात बॅज नव्हता, उभं राहायला ताकद नव्हती, आणि आवाज मात्र थेट पहिल्या दिवशीच्या माझ्या लिव्हिंग रूममधला. "हात वर करा! तुम्ही. तुम्हीसुद्धा. चेहरा झाका. एक डोळा मिटा." माणसं गोंधळली, एकमेकांकडे बघायला लागली, आणि एकेक पंजा वर जायला लागला. ऑलिव्हरचाही गेला. माझाही. सगळी खोली त्या पिवळ्या बाईसमोर तळवे रोखून उभी, कुणाला तरी 'थांबा' म्हणत असल्यासारखी. आणि सगळ्यांच्या पुढे बाई, हात वर, त्याच पिवळ्यात.

तेवढ्यात खाली बंद व्हायची घंटा झाली. नवा गार्ड दारात आला. त्याला बाई माहीत नव्हत्या. "लेडीज अँड जंटलमेन, वी आर क्लोजिंग."

बाईंनी मान वळवली नाही. चित्रावर धरलेला पंजा तेवढा त्याच्याकडे फिरवला.

"प्रकाश आत्ता कुठे बरा आलाय," त्या चक्क मराठीत म्हणाल्या. "थांब."

त्याला काय कळलं देव जाणे. पण तो थांबला.